‘तीन लाखांत घरच्या घरी स्पोर्ट्स कार’: त्या मेसेजला उत्तर

सध्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. सोबत बुटक्या, उघड्या, लांब नाकाच्या लाल गाडीचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: भंगारातली मारुती 800 घ्या, जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, वेल्ड करा, वर फायबरची बॉडी चढवा, तीन लाखांत स्पोर्ट्स कार तयार. स्वतःच्या वापरासाठी बनवलेल्या गाडीला आरटीओची आडकाठी नसते. जुन्या गाडीचा चेसिस नंबर कापून नव्या चेसिसवर बसवला की जुनंच आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) चालतं. परदेशात लोक 1957 पासून हेच करतायत, अलिबागला झालं, सांगलीच्या माणसाला तर आनंद महिंद्रांनी बक्षीस दिलं. शेवटी ‘संपूर्ण ड्रॉइंग’च्या पीडीएफसाठी पैसे कुठल्या नंबरवर पाठवायचे ते.

हा मेसेज माझ्या भाच्यापर्यंत पोचला. पोरगा लांज्याचा, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हात चांगला आहे त्याचा. त्याने पीडीएफ विकत घेतली, एका जुन्या 800 ला टोकन देऊन आला, आणि मग ताईचा मला फोन: "तुझं रोजचं काम वेल्डिंगचं, आता तूच समजाव त्याला." त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही तो नीट वाचलेला दिसत नाही.

चेसिस नंबरपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात घातक ओळ तीच आहे. मारुती 800 ला वेगळी चेसिस नसते. जीपला किंवा जिप्सीला खाली शिडीसारखी फ्रेम असते आणि बॉडी वर बसते, तसं 800 मध्ये नाही. पत्र्याची बॉडी हीच तिची चेसिस. नंबर ठोकलेला पत्र्याचा तुकडा कापून तुमच्या पाइपच्या सांगाड्यावर डकवला की आरसीवर लिहिलेल्या गाडीतलं त्या तुकड्यापलीकडे काहीच उरत नाही. चोरीच्या गाड्या खपवणारे हेच करतात. हातखंब्याच्या नाक्यावर पोलिसांनी बॉनेट उघडायला लावलं तर वीस वर्षांच्या पोराकडे ते कुठल्या नजरेने बघतील, याचा विचार हे लिहिणाऱ्याने केलाय का? आणि अशा गाडीने कुणाला उडवलं, तर विमा कंपनी म्हणणार की आम्ही विमा 800 चा उतरवला होता, ही गाडी आमच्या माहितीची नाही. भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. आमच्या घरी मालक म्हणजे ताई, आणि तिच्याकडे आहे काय तर घर आणि चार हापूसची कलमं.

कायदा यावर गप्प आहे असंही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा आरसीवरचे तपशील वेगळे ठरतील असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. केरळ उच्च न्यायालयाने याचा जरा सैल अर्थ लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी तो निकाल रद्द केला आणि कलमाचा अर्थ पक्का केला. हा एक निकाल वाचला तरी मेसेजचा निम्मा भाग गळून पडतो. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं: परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

‘स्वतःच्या वापरासाठी असेल तर आडकाठी नाही’ हे कुठून आलं, देव जाणे. नोंदणीचं कलम 39 उघडून बघा. ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ असे शब्द आहेत त्यात. गाडी विकायला बनवली की स्वतःला फिरायला, हा प्रश्नच तिथे येत नाही. नवी गाडी नोंदवायची तर उत्पादकाचं रस्तायोग्यतेचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यामागे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 126 वा नियम आहे: नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासून घ्यायची. एकट्या माणसाने परसात बांधलेल्या एका गाडीसाठी आपल्या नियमांत वेगळी वाट नाही.

ब्रिटनमध्ये ती वाट आहे, एवढं मान्य करतो. लोटस सेव्हन ही फोटोतल्यासारखी गाडी 1957 ची, ती सुट्या भागांत विकत मिळायची आणि लोक घरी जोडायचे, हे खरं. 1973 पासून तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे आहेत आणि तशा गाड्या आजही जोडल्या जातात. पण तिथे घरी बांधलेली एकेक गाडी सरकारी तपासणीला न्यावी लागते. ब्रेक, सीटच्या पट्ट्यांचे जोड, धूर, अगदी बाहेर आलेल्या धारदार कडासुद्धा बघतात, आणि पास झाली तरच नंबर मिळतो. मेसेजवाल्याने फोटो उचलला, तपासणी सोडून दिली.

अलिबागचंही अर्धंच सांगितलंय. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने याच धाटणीची रोडस्टर (उघडी स्पोर्ट्स कार) बनवली, इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन घालून. मला तिचं कौतुक आहे, कोकणात असं काही झालं याचा अभिमानही आहे. पण ती कंपनी होती, तिचं स्वतःचं डिझाइन आणि वर्कशॉप होतं. सांगलीचं उदाहरण तर मेसेजच्या विरोधात जातं. देवराष्ट्रे गावच्या कारागिराने भंगारातून गाडी बनवली तेव्हा डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी स्वतः लिहिलं होतं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, म्हणून तिच्या बदल्यात मी बोलेरो देतो. बदल्यात, हा शब्द मेसेजमधून गाळला.

आता माझ्या कामातला मुद्दा. मेसेज म्हणतो, ‘निळ्या पट्ट्याचा जीआय पाइप घ्या, कोकणातल्या खाऱ्या हवेत कधी गंजणार नाही.’ निळा पट्टा म्हणजे बी क्लास, नळाच्या पाण्याचा पाइप. जस्ताचा थर आहे तोवर तो खाऱ्या हवेत टिकतो, हे खरंच आहे. पण जिथे वेल्ड मारता तिथे तो थर जळून जातो, म्हणजे गाडीचा सगळा भार जिथे येतो नेमके तेच जोड उघडे पडतात. जस्ताची वाफ वितळलेल्या धातूत अडकते ती वेगळीच. भाच्यासमोर मी दोन तुकड्यांचा टी जोड मारला. पांढरा धूर निघाला, वेल्डचा मणी वरून ठीक दिसत होता. मग ग्राइंडरने तो मधोमध कापला आणि काप उजेडात धरायला सांगितलं. आत टाचणीच्या टोकाएवढी भोकं, एकापुढे एक, मुळापर्यंत. पोरगा बराच वेळ त्यावर नख फिरवत राहिला. हा जोड पाण्याच्या लाइनीला फार तर गळेल. चाक पेलणारा सस्पेन्शनचा आर्म धरायला लावलात तर भोस्ते घाटाच्या वळणावर सुटेल. आणि तो पांढरा धूर बंद शेडमध्ये दिवसभर घेतलात तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. जीआयवर काम केलेल्या कुठल्याही वेल्डरला विचारा.

मेसेज पुढे म्हणतो, सीट आणि पट्टे फायबरच्या बॉडीला बोल्ट करा, ‘फायबर लोखंडापेक्षा मजबूत’. इथे मला खरोखर राग आला. धडकेत शरीराला गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट झटका बसला असं धरा: 70 किलोचा माणूस पट्ट्याला 1400 किलोने ओढतो. फायबरमधून तो बोल्ट आरपार निघून येईल. मिरकरवाड्याला होड्या बांधणारे दोर बांधायच्या जागी आतून लाकूड किंवा प्लेट घालतात, आणि तिथे फक्त होडी अडकवायची असते. पट्ट्याचा बोल्ट चेसिसच्या नळीत वेल्ड केलेल्या आटे पाडलेल्या बुशमध्येच (जाड लोखंडी नळकांड्यातच) बसला पाहिजे. याला दुसरा पर्याय नाही.

बाकीचं पटकन. फायबर गंजत नाही, हे बरोबर, पण खालचा सांगाडा लोखंडीच आहे आणि नळी आतून गंजते तेव्हा बाहेरून दिसत नाही. हलकी गाडी कमी ताकदीतही चपळ वाटते, हेही बरोबर, पण तेवढ्यावरून 796 सीसीचं 37 अश्वशक्तीचं इंजिन ताशी 180 किलोमीटरचा वेग देणार नाही. तीन लाखांच्या हिशेबात टायर, वायरिंग, शॉक अब्सॉर्बर, लेथचं काम, रंग, यांतलं काहीच धरलेलं नाही. ‘ट्रायल रात्री घाटात घ्या, तेव्हा चेकिंग नसतं’ असा सल्ला देणाऱ्याने पुन्हा कुणाला सल्ला देऊ नये.

त्या पीडीएफबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण पोरं पैसे तिच्यावर घालवतायत. मी ती पानोपान बघितली. मापं इंचांत, सांगाडा सरळसरळ ब्रिटिश पद्धतीचा: पुढे उभं (गाडीच्या लांबीत) बसवलेलं इंजिन, दोन सीटच्या मधून जाणारा बोगदा, त्यातून प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागे नेणारा दांडा), मागच्या चाकांना ड्राइव्ह. 800 चं इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं फिरवतं. त्या बोगद्यातून न्यायला तिच्याकडे शाफ्टच नाही. तेच 796 सीसीचं इंजिन ओम्नीत उभं आणि मागच्या चाकांना जोडलेलं असतं, एवढंही विकणाऱ्याला ठाऊक नाही. नळीची जाडी एकाही पानावर नाही. सस्पेन्शनचे जोडबिंदू नाहीत. पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी नाही. कुठलंही ड्रॉइंग विकत घेण्याआधी या गोष्टी शोधा. नसतील तर ते चित्र आहे, त्यावर गाडी बांधता येत नाही.

भरवशाचं हवं असेल तर बाजा एसएई इंडिया आणि फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या गाड्या बांधायच्या स्पर्धांची नियमपुस्तकं वाचा. इंटरनेटवर फुकट मिळतात. बाजाच्या नियमांत रोल केजच्या (ड्रायव्हरभोवतीच्या संरक्षक सांगाड्याच्या) मुख्य नळीला 25 मिमी व्यास, 3 मिमी जाडी आणि पोलादात किमान 0.18 टक्के कार्बन, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पट्टे कुठे बांधायचे, ब्रेक कसे तपासायचे, सगळं आहे. या गाड्या बंदिस्त मैदानात, तपासनीसांसमोर धावतात, रस्त्यावर आणायचा प्रश्नच येत नाही. आणि कुणाला रस्त्यावरचीच हवी असेल, तर कटर हातात घेण्याआधी आरटीओला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

भाच्याने 800 चं टोकन परत मागितलंय. आता तो कॉलेजात अशा स्पर्धेच्या टीमसाठी पोरं जमवतोय. सीमलेस (बिनजोड) नळी कोल्हापूरहून मी मागवून देतो, आणि पहिले जोड कापून बघायला ग्राइंडरही माझाच. ज्यांनी हा मेसेज ग्रुपवर टाकला त्यांनी त्याच ग्रुपवर कलम 52 आणि 2019 चा निकाल टाकावा, आणि ज्या पोरांनी पीडीएफ मागितली असेल त्यांना फोन करून थांबवावं, त्यांनी पाइप कापायला घेण्याआधी.