धर्माच्या तासाला मागच्या टेबलावर

डब्लिनला आल्यावर लेकीला घराजवळच्या शाळेत घातलं. शाळा कॅथलिक आहे, पण त्यात विशेष काही नाही. आयर्लंडमधल्या दहापैकी जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली चालतात, शिक्षकांचा पगार सरकार देतं. २०२२च्या जनगणनेत स्वतःला कॅथलिक म्हणवणारे ६९ टक्केच उरले होते. शाळा मात्र जिथल्या तिथे.

चार-पाच वर्षांची पोरं ज्युनिअर इन्फन्ट्समध्ये बसतात. रोज अर्धा तास धर्माचा. लेक क्रुसाची खूण करायला शिकली, डबा उघडण्याआधी प्रार्थना म्हणायला शिकली. १ फेब्रुवारीला संत ब्रिजिडचा लव्हाळ्याचा क्रूस विणून आणला. तो अजून आमच्या दारावर आहे, तोरणाखाली. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत गरीब देशांसाठी नाणी साठवायला ट्रोकरा या कॅथलिक मदतसंस्थेचा पुठ्ठ्याचा डबा घरी आला. व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवला, तर ती म्हणाली, "अगं, ही तर दानपेटी!" यातलं काही मला खुपलं नाही. रस्त्यात जखमी पडलेल्याला आपल्यांनी ओलांडलं आणि परक्या शोमरोन्याने उचललं, ही येशूची गोष्ट तर कुठल्याही शाळेत सांगावी अशी.

खुपलं ते दुसरीत. दुसरीचं वर्ष म्हणजे पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीची तयारी: आधी पापकबुली, मग चर्चमधला सराव, गाणी. बाप्तिस्मा नसलेल्या मुलीला त्यात जागा नाही. आयरिश राज्यघटनेने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेतही धर्मशिक्षणाला न बसण्याचा हक्क दिलाय. तो आम्ही बजावला. म्हणजे काय झालं, तर लेक त्याच वर्गात मागच्या टेबलावर चित्रं रंगवत बसते आणि गाणी सगळी पाठ करून घरी येते.

आपल्या घटनेतलं २८वं कलमही असंच आहे: अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाची सक्ती नाही. २०२४मध्ये महाराष्ट्राच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीता पाठ करण्याची सूचना आली, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर धुमश्चक्री उडाली. काका म्हणाले, "संस्कार नकोत का तुम्हाला?" मावसभाऊ मसुद्यातल्या मनुस्मृतीच्या श्लोकावरून पेटला होता. कोणता ग्रंथ, कोणाचा, किती श्लोक, यावरच सगळं. श्लोक न म्हणणारं पोर त्या तासाला कुठे बसेल, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही. तेव्हा माझी लेक मागच्या टेबलावर बसत नव्हती.

मुंबईत मी कॉन्व्हेंटात शिकले. घंटा झाली की कॅथलिक मुली कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्माच्या तासाला, शेजारच्या वर्गात जायच्या आणि आम्हाला मॉरल सायन्स. त्या पुस्तकातलं एक अक्षर आठवत नाही, पण तास दोन्ही गटांना असायचा आणि दोन्ही गटांपुढे एकेक बाई उभ्या असायच्या. मागचं टेबल नव्हतं. काकांना हे लिहिलं, तर उत्तर आलं, "म्हणजे तू श्लोकांच्या बाजूची की विरुद्ध?" काका, मी टेबलाबद्दल बोलतेय.

मे महिन्यात वर्गातल्या मुली पांढरे झगे घालून चर्चला जातील. परवा झोपताना लेक म्हणाली, "आई, त्या दिवशी मी पण पांढरा फ्रॉक घालू? नुसता घरी?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.