आजीचे गुडघे आणि मुख्याध्यापकाची खुर्ची

माझ्या मावसबहिणीनं मुख्याध्यापकपदाची बढती नाकारली. नवी शाळा लांबच्या तालुक्यात, सासूबाईंचे गुडघे गेलेले, धाकटा दहावीला. गावाकडच्या चर्चेत लगेच निकाल लागला : बायकांना खुर्ची नकोच असते. वर मला ऐकवलं, ‘तुमच्याकडे अमेरिकेत सोपं असतं.’

मी टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओत सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या प्रिन्सिपलबाई मेक्सिकन वंशाच्या. त्यांच्या आईच्या लहानपणी शाळेत स्पॅनिश बोललं की शिक्षा व्हायची. आज राज्याच्या सरकारी शाळांत निम्म्याहून जास्त मुलं लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची आहेत. बांधकामावरून थेट आलेला एखादा बाप टोपी हातात धरून दारात घुटमळतो, बाई उठून ‘पासे, सेन्योर’ (या ना, साहेब) म्हणतात आणि त्याचे खांदे सैल होतात. त्या खुर्चीत त्यांनीच का बसायला हवं, हे मला तिथे कळतं.

पण सोपं? १९९३ चा केंद्रीय कायदा बाळंतपणाला १२ आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी. माझ्या बहिणीला १८० दिवसांची पगारी प्रसूती रजा होती, शिवाय २०१८ पासून महाराष्ट्रात १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. कागदावर तिचे हक्क कितीतरी मोठे. तरी खुर्चीत बाई बसल्या, बहीण नाही. कारण बाईंच्या आईचे पाय अजून चालतात.

स्कूल बोर्डाची, म्हणजे शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळाची सभा रात्री लांबते, तेव्हा ही आजी आमच्या लायब्ररीत नातीला घेऊन बसते. परवा नात मांडीवरच झोपली होती. आजी हळूच तिच्या बुटांच्या नाड्या सोडवत होती. साडेनऊला लेक बाहेर आली, तर पहिला प्रश्न, ‘या कोमिस्ते?’ जेवलीस का? मग पिशवीतून फॉइलमध्ये गुंडाळलेले टाको निघाले. माझी मावशीही असंच विचारते.

याला इथे ‘फमिलिया’ म्हणून गौरवतात, आपण ‘कुटुंबव्यवस्था’ म्हणून. मलाही तिचा अभिमान आहे. पण त्या आजीनं आयुष्यभर हॉटेलच्या खोल्या साफ केल्यात आणि म्हातारपणीचं हे काम कुणाच्याच हिशेबात नाही. शाळा तिच्या जिवावर चालते. ती थकली की लेकीची बढती संपते, आणि दोष मात्र लेकीच्या ‘इच्छाशक्ती’ला! भाऊजींना या सगळ्यात कुणी काही विचारलं का? माझ्या बहिणीनं खुर्ची नाकारली असं म्हणूच नका. तिच्यापुढे ती ठेवलीच गेली नाही.

पालकांना यायला जमावं म्हणून सभा संध्याकाळी असतात, ते योग्यच आहे. मग त्या वेळेपुरतं पगारी माणूस ठेवून पाळणाघर चालवा, असं पत्र आम्ही काही शिक्षकांनी बोर्डाला लिहिलंय. त्याची स्पॅनिश प्रत लायब्ररीत ठेवली होती. आजीनं चष्मा लावून ती सावकाश वाचली आणि मला विचारलं, ‘मी सही केली तर चालेल?’