सायकीच्या पाठीमागचे भांडे

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील इटालियन शिल्पकार अँतोनिओ कानोव्हाच्या क्यूपिड (रोमन प्रेमदेव) आणि सायकी या संगमरवरी शिल्पाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात आणि त्यांखाली 'प्रेम असावे तर असे' या छापाच्या ओळी हमखास असतात. माझी तक्रार त्या ओळींविषयी नाही. बहुतेक छायाचित्रे समोरूनच काढलेली असतात, याविषयी आहे.

मागच्या बाजूला सायकीजवळ एक भांडे आहे आणि सारी कथा त्या भांड्यात आहे. दुसऱ्या शतकातील लॅटिन लेखक अप्युलियस सांगतो की, केवळ अंधारातच भेटणाऱ्या पतीला, म्हणजे क्यूपिडला, पाहण्यासाठी सायकीने दिवा लावला, गरम तेलाचा थेंब त्याच्या खांद्यावर पडला आणि तो उडून गेला. त्याला परत मिळवण्यासाठी तिने सासूने, म्हणजे साक्षात सौंदर्यदेवता व्हीनसने, सांगितलेली एकाहून एक अवघड कामे पत्करली (सासूचा जाच आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको): मिसळलेल्या धान्याची रास निवडणे, सोनेरी लोकर आणणे, पाताळातल्या स्टिक्स नदीचे पाणी भरणे आणि शेवटी पाताळाची राणी प्रोसर्पिना हिच्याकडचे सौंदर्य त्या भांड्यात घेऊन येणे. परतताना तिला राहवले नाही. तिने झाकण उघडले, तर आत होती गाढ झोप. मूळ कथेत क्यूपिड ती झोप पुसून पुन्हा आत कोंडतो आणि बाणाच्या टोकाने तिला जागे करतो. चुंबनाचा तिथे संबंध नाही.

कानोव्हानेही ओठ टेकलेले दाखवलेले नाहीत. सायकीचे वर उचललेले हात क्यूपिडच्या डोक्याभोवती जवळजवळ वर्तुळ करतात आणि दोन्ही चेहरे त्या वर्तुळात थबकतात. खालचा खडक त्याने मुद्दाम खडबडीत ठेवला आहे, म्हणून त्वचेची झिलई अधिक जाणवते. पंख तर इतके पातळ की प्रकाश त्यांतून झिरपतो. कर्नल जॉन कॅम्पबेल यांच्या मागणीवरून १७८७ मध्ये हाती घेतलेले हे काम १७९३ मध्ये पूर्ण झाले.

सायकीच्या पायाजवळ एक मूठ आहे, ती शिल्प बैठकीवर फिरवण्यासाठी. म्हणजे ते एकाच बाजूने पाहिले जाऊ नये, ही सोय घडणीतच होती. समोरून दिसते ती देखण्या तरुणाने जागी केलेली निद्रिस्त सुंदरी. मागून दिसते ती पाताळ पालथे घालून आलेली, शेवटच्या क्षणी मोह न आवरलेली बाई. कानोव्हाला गुळगुळीत आणि गोडगोड म्हणणारे समीक्षक आहेत. समोर उभे राहिल्यास मलाही त्यांचे थोडेफार पटते, मागे गेल्यावर मुळीच पटत नाही.