‘बाई, पोटात दुखतंय’

प्राथमिकला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य सर्वांत जास्त कधी कानावर पडतं. दुसऱ्या तासाला. परिपाठ, हजेरी उरकलेली असते आणि मधली सुट्टी अजून बरीच लांब असते. कितीतरी वर्षं मी याला अभ्यास टाळायचं निमित्त समजत होते.

एकदा दुसरीतली एक मुलगी हातच्याची वजाबाकी करता करता मध्येच थांबली. दशकातला एक सुटा केला, आकडा खोडून वर बारीक अक्षरात नवा आकडाही लिहिला, आणि मग पेन्सिल तशीच टेकवून वहीकडे बघत बसली. आदल्या दिवशी दुपारी हीच गणितं तिने भराभर सोडवली होती. मी जरा आवाज चढवून विचारलं, तर म्हणाली, पोटात दुखतंय. सकाळी काय खाल्लंस? मान हलवली, काही नाही. रात्री लवकर जेवून झोपली होती. म्हणजे 14 तास त्या लेकराच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि मी तिच्यावर आवाज चढवला होता. ते आठवलं की आजही जीव कासावीस होतो.

मोठ्या माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीर आराम करत असताना लागणाऱ्या ऊर्जेतला साधारण 20 टक्के वाटा तो एकटा खातो. पाच-सहा वर्षांच्या मुलात हा वाटा निम्म्याहूनही जास्त असतो. रात्रभर मेंदूला साखर पुरवायचं काम मुख्यतः यकृतातला साठा करतो. मुलाचं यकृत लहान, साठा थोडा, आणि मागणी मात्र मोठी. म्हणून मोठ्यांना उपाशीपोटी काम रेटता आलं, तरी मुलांना ते जमेलच असं नाही. आधीच कुपोषित असलेल्या मुलाला तर एक नाश्ता चुकला तरी जास्त फटका बसतो.

‘मग घरूनच खाऊन पाठवा ना!’ असं पालकसभेत कुणी म्हटलं की मला राग येतो. आईवडील दोघंही मूल उठायच्या आधी कामावर गेलेली असतात, कुणाचा प्रवास लांबचा असतो, आणि पुष्कळ मुलांना उठल्या उठल्या घास गिळवतच नाही. घरात सगळं असूनही उपाशी येणारी मुलं मी पाहिली आहेत. दोष कुणाला द्यायचा हे ठरवत बसलो तर तोवर मूल उपाशीच राहतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सकाळचा नाश्ता शाळेतच मिळायला हवा.

यात नवीन काही नाही. अमेरिकेत 1966 साली शाळेतल्या नाश्त्याची सरकारी योजना प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि 1975 साली कायमची झाली. मधल्या काळात, 1969 मध्ये, तिथल्याच ओकलंड शहरात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेने एका चर्चमध्ये मुलांना शाळेआधी फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली होती. तमिळनाडूने 2022 मध्ये काही सरकारी प्राथमिक शाळांपासून सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी योजना राज्यभर नेली. जमैकातल्या ग्रामीण शाळांमध्ये तर मुलांचे दोन गट करून वर्षभर तुलना केली गेली. नाश्ता मिळणाऱ्या मुलांची हजेरी, उंची आणि वजन थोडं वाढलं, आणि लहान इयत्तांतल्या मुलांचं गणित सुधारलं. फरक लहान होता, हे मुद्दाम सांगते, कारण नाश्त्याने मुलं पहिल्या नंबरात येतात असं सांगून मला कुणाला भुलवायचं नाही. पण हजेरी थोडी वाढणं म्हणजे काय, ते रोज रिकामे बाक बघणाऱ्यालाच कळतं.

मात्र नाश्ता म्हणून गोड बिस्किटं आणि साखरेचं पेय पुढे ठेवणार असाल तर माझा विरोध आहे. नुसती साखर पटकन चढते, पटकन उतरते, आणि दुसऱ्या तासाला मूल पुन्हा पेंगायला लागतं. अख्खं धान्य, त्याच्या जोडीला डाळ, अंडं किंवा दूध आणि एखादं फळ, एवढं साधं पुरतं. आंबट फळ असेल तर उत्तमच, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्य-डाळींतलं लोह अंगी लागतं. चहा मात्र नको, तो लोह शोषू देत नाही.

आणि नाश्ता सगळ्यांना द्या, एकाच वेळी, एकाच पंगतीत. ‘गरिबांची रांग’ वेगळी केली की ज्याला खरी गरज आहे तेच मूल लाजून मागे सरतं. मुलं हे कधी बोलून दाखवत नाहीत, फक्त ‘मला भूक नाही’ म्हणतात. घंटा व्हायच्या आधी ठेवलेला नाश्ताही उशिरा पोचणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही. घंटा झाल्यावर, वर्गातच, हात धुऊन सगळ्यांनी बसायचं.

यावर माझ्या सहकाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो: शिकवायचा वेळ जातो, सांडलवंड होते, अभ्यासक्रम कसा पुरा करायचा? काळजी खरी आहे आणि कामाचं ओझं मलाही आहे. शिक्षकांच्या जोडीला मदतनीस मिळालाच पाहिजे, ते मागायला मी सगळ्यांच्या पुढे उभी राहीन. वेळ मात्र 20 मिनिटांचा लागेल, आणि तो माझ्या गणिताच्या तासातून घ्या. मी आनंदाने देते.