खुलासा: ल्योनच्या कारंज्यावरचे घोडे कोणाचे?
फ्रान्समधल्या ल्योन शहरातल्या कारंज्याचा फोटो सध्या फिरतोय. सोबतचा मजकूर म्हणतो, 'चौखूर उधळलेले हे घोडे म्हणजे शहरातून वाहणाऱ्या रोन आणि सोन नद्या.' साफ चूक. नद्या दोन, घोडे चार. इथेच पाल चुकचुकायला हवी होती!

न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा घडवणारे बार्तोल्दी यांनी ही कल्पना मांडली ती बोर्दो शहरासाठी. समुद्राकडे धावणारी तिथली गारोन आणि तिच्या उपनद्या, हा विषय. बोर्दोने काम मार्गी लावलंच नाही. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात कारंजं झळकलं, ल्योनने ते विकत घेतलं आणि १८९२मध्ये तेरो चौकात उभारलं. घोड्यांच्या नाकपुड्यांतून तुषार फवारतात, हे मात्र खरं.