उंबरठ्यावरचे धूम्रपान: काही सूचना

बार अँड रेस्टॉरंटमध्ये जेवता जेवता तल्लफ आली, बाहेर पाऊस कोसळतोय आणि कायदा मोडल्याचा ठपकाही नको. मग काय कराल? गेल्या रविवारी गोव्यातल्या म्हापशात एका सद्गृहस्थांनी ‘फॅमिली रूम’च्या दारात याचे उत्तम प्रात्यक्षिक दिले. त्यावरून या सूचना.

दारात उभे राहा. एक पाय आत, एक बाहेर, दार खांद्याने अर्धे उघडे धरलेले. सिगारेटचा हात बाहेर काढला की तुम्ही बाहेर!

ही जागा अगदी शास्त्रशुद्ध आहे. एसीची गार हवा जड असते, ती उघड्या दाराच्या खालच्या अंगाने बाहेर वाहते. तिच्या जागी बाहेरची गरम, दमट हवा दाराच्या वरच्या अर्ध्या भागातून आत शिरते, म्हणजे बरोबर तुमच्या तोंडाच्या उंचीवर. त्यातच स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन खोलीतली हवा ओढून बाहेर टाकत असतो, म्हणून दारातून आणखी हवा आत खेचली जाते. तुम्ही तोंड फिरवून पावसात धूर सोडलात तरी तो माघारी येतो. हात बाहेर काढल्यानेही काही बिघडत नाही. दुसऱ्यांच्या वाट्याला येणारा बराचसा धूर तुमच्या तोंडातला नसतोच. तो दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात धुमसणाऱ्या टोकाचा असतो. त्या वेळी टोकाची आच कमी, जळण अर्धवट, आणि वाटेत फिल्टर नाही. फिल्टर आहे तो तुमच्या ओठांकडे. कंपनीने गिऱ्हाइकाची काळजी घेतली, शेजारच्या टेबलाची कशाला घेईल?

आत कोणी खोकले तर ‘एसी आहे ना’ म्हणा. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. त्याच्या जाळीत धूळ अडकते. धुराचे कण एका मायक्रॉनहूनही बारीक, ते निघून जातात, कार्बन मोनॉक्साइड तर जातोच. म्हणजे दारातला तुमचा धूर कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत पोचवायची सोय मालकाने वीजबिल भरून केलेली आहे.

गरोदर बाई दिसली तर हसून ‘एकच हां’ म्हणा.

मालकांसाठीही थोडे. प्रवेशद्वारावर ६० बाय ३० सेंटिमीटरची धूम्रपानबंदीची पाटी लावा, तिच्यासमोर एखादी कुंडी ठेवा. ॲशट्रे ठेवायला मनाई आहे, तेव्हा बशीत ओला टिश्यू द्या. तीसहून कमी खुर्च्या असतील तर स्मोकिंग रूम करताच येत नाही. त्याहून जास्त असल्या तरी छतापर्यंत चार भिंती, आपोआप मिटणारे दार आणि थेट बाहेर हवा फेकणारा पंखा लागतो. एवढे कोण करणार? फुटक्या प्लायवूडचा आडोसा पुरे.

‘बंदी कडक केली तर पर्यटन बुडेल’ हे वाक्यही पाठ करून ठेवा. आयर्लंडने २००४ साली पबमध्ये बंदी घातली. तिथले पब आजही गिऱ्हाइकांनी भरतात, पण हे आपल्याला ठाऊक नाही असे दाखवा. आणि गोव्याने स्वतःचा धूम्रपानबंदी कायदा १९९७ मध्येच केला, केंद्राच्या २००३ च्या कायद्याआधी, हे तर अजिबात काढू नका. केंद्राच्या कायद्यात दंड दोनशे रुपयांपर्यंत. तेवढ्यात इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, तुकडासुद्धा येत नाही.

पण एक सांगा, ‘एकच’ म्हणजे किती? या धुराची निर्धोक पातळी अशी काही नाही, आणि वेगळी बाके, पंखे लावून तो धोका जात नाही, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखांनी, २००६ मध्येच लिहून ठेवले आहे. सिगारेट न ओढणाऱ्याला घरच्या किंवा कामावरच्या धुरामुळे हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो, फुप्फुसाच्या कर्करोगाचा २० ते ३० टक्क्यांनी. मुलांना दमा, ब्राँकायटिस, कानाचा संसर्ग. तुम्ही दहा मिनिटांत परत टेबलावर. तुम्हाला सोडा आणून देणारा पोरगा मात्र रात्री शटर ओढेपर्यंत त्याच हवेत. ‘पात्रांव (साहेब), बाहेर ओढा’ म्हणायची त्याची टाप नाही. टिप जाईल, नोकरीही जाईल. ते सांगायचे काम मालकाचे आहे. कायद्याने तक्रार घ्यायला नेमलेल्या माणसाचे नाव तिथे लावायचे असते. म्हापशातल्या त्या पाटीवर ते होते का? नव्हते. आणि तक्रार केल्यावर मालकाने दुर्लक्ष केले, तर जितके ओढणारे तितक्यांचा दंड त्याच्याही डोक्यावर येतो.

त्या दारातून बाजूला व्हा. दार लावा. गाडीपाशी जाऊन ओढा.

पाऊस आहे? मग भिजा.