शॉटगन महाग, गोळ्या मोजून : आमच्या दुकानाबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुम्ही आमच्या दुकानाला दोन तारे दिलेत. मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. टेक्सासमधली आपली बरीच मंडळी हे वाचत असतात. तुमच्या तक्रारी तीन. मॉसबर्ग ५०० शॉटगन हायवेवरच्या मोठ्या स्टोअरपेक्षा ६० डॉलरनं महाग, पिस्तुलाच्या नाइन एमएम गोळ्यांचे दोनच बॉक्स दिले, आणि तुमच्या मित्राला व्हिसाचे कागद विचारून परत पाठवलं. "आपला माणूस म्हणून गेलो होतो," असंही लिहिलंत. ते मला लागलं.

आधी भावाचं. ६० डॉलरचा फरक खरा आहे. मोठी साखळी दुकानं कंपनीकडून थेट, हजारांच्या हिशेबात माल उचलतात. मी डिस्ट्रिब्युटरकडून एका वेळी तीन-चार नग घेतो. त्यात त्याचा नफा आला, वाहतूक आली. बंदुकीवरचा फेडरल कर (शॉटगन, रायफल आणि गोळ्यांवर ११ टक्के, हँडगन म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर १०) उत्पादकच भरतो, तेव्हा त्यात दोघांना फरक नाही. फरक आहे तो घाऊक खरेदीत. त्या शॉटगनवर माझ्या हाती साधारण ४० डॉलर राहतात आणि क्रेडिट कार्डाचा खर्च त्यातूनच जातो. म्हणजे ६० डॉलर कमी केले तर मला ती घरचे पैसे घालून विकावी लागेल. १ सप्टेंबरला होल्यांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्याआधीच्या सेलमध्ये मोठ्या स्टोअरचा किरकोळ भाव कधीकधी माझ्या खरेदीच्याही खाली असतो. त्यांना ते परवडतं, कारण बंदुकीसाठी आलेलं गिऱ्हाईक बूट, कपडे, कूलरही घेऊन जातं. माझं घर फक्त या काउंटरवर चालतं. तुम्हाला तिथे स्वस्त मिळत असेल तर तिथून जरूर घ्या, मी राग धरणार नाही.

गोळ्यांचं मात्र सविस्तर सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये इथल्या टेक्सासमधल्याच एल पासो शहरात वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला, २३ माणसं गेली. महिन्याभरात वॉलमार्टनं हँडगनच्या गोळ्या आणि एआर प्रकारच्या, म्हणजे लष्करी धर्तीच्या रायफलींत चालणाऱ्या .२२३ सारख्या गोळ्या बंद करण्याचं जाहीर केलं. गोळ्यांच्या बाजारातला आपला हिस्सा सुमारे २० टक्क्यांवरून ६ ते ९ टक्क्यांवर येईल, असा अंदाज त्यांनी स्वतःच दिला होता. त्याच्या आदल्या वर्षी, फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर, डिक्स या खेळाच्या सामानाच्या साखळीनं सगळ्या दुकानांतून तशा रायफली काढल्या होत्या. दोघांनीही खरेदीचं वय २१ केलं. शॉटगन-रायफलीसाठी फेडरल कायदा १८ च म्हणतो. या निर्णयांबद्दल माझ्या मनात आदर आहे; आपल्याच दुकानात माणसं मेल्यावर कुणी वेगळं वागावं असं मी म्हणणार नाही. पण एवढं मोठं दुकान एखाद्या मालातून बाहेर पडतं तेव्हा त्याची गिऱ्हाइकं कुठेतरी जातातच. आमच्याकडे ती नाइन एमएम विचारत आली, आणि मला डिस्ट्रिब्युटरकडून जादा माल मिळाला नाही.

त्यावर २०२० आलं. त्या वर्षी देशभरात एफबीआयकडे बॅकग्राउंड चेकच्या (बंदूक देण्याआधी गिऱ्हाइकाची होणारी तपासणी) जवळपास ३.९७ कोटी नोंदी झाल्या, तोवरचा विक्रम. डिस्ट्रिब्युटर आम्हाला वाटा पाठवायचा, कधी दहा बॉक्स, कधी एकही नाही. त्या दिवसांत एकेक माणूस येऊन सगळी फळी रिकामी करायचा आणि दुप्पट भावानं बाहेर विकायचा. रात्रपाळीहून सुटलेली एक नर्स तीनदा आली आणि तीनदा रिकाम्या हातानं गेली. तेव्हापासून माल कमी असला की माणशी दोन बॉक्स, हा नियम आहे. तो तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. तुमच्यानंतर येणाऱ्यालाही काहीतरी मिळावं म्हणून आहे. काउंटरवरच्या मुलानं हे नीट सांगायला हवं होतं, तो तुटक बोलला. त्याबद्दल तुमची मनापासून माफी मागतो. त्याच्याशीही बोललो आहे.

आता तुमचा मित्र. तो एच-वन-बी व्हिसावर आहे. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला बंदूक विकायला फेडरल कायद्यानं बंदी आहे, काही अपवाद सोडून. त्यातला नेहमीचा अपवाद म्हणजे इथल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. हा प्रश्न बंदूक घेताना गिऱ्हाइकानं भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवरच छापलेला आहे. मी न विचारता बंदूक हातात दिली, तर माझं दुकानाचं लायसन्स जाईल आणि त्याच्यावर फौजदारी खटला उभा राहील, पुढे इमिग्रेशनचं काय होईल ते वेगळंच. आपला माणूस आहे म्हणून तर मी इथे अधिक काटेकोर राहतो. आणि बॅकग्राउंड चेकचं उत्तर अडकलं तर तीन कामाच्या दिवसांनी बंदूक द्यायला कायदा परवानगी देतो, पण मी "प्रोसीड", म्हणजे विकायला हरकत नाही असं उत्तर, आल्याशिवाय देत नाही. वॉलमार्टचंही धोरण हेच आहे, आणि ते मला पटतं.

मित्राला सांगा, टेक्सासची नव्या हंगामाची हंटिंग लायसन्सं १५ ऑगस्टच्या सुमारास विक्रीला येतात. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर शिकारीसाठी हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो, तो ऑनलाइन होतो. कोर्स करताना काही अडलं तर शनिवारी सकाळी दुकानात या, मी स्वतः असतो. शॉटगन तुम्ही मोठ्या स्टोअरमधून घेतली असेल तर तीही घेऊन या. पहिल्या हंगामाआधी ती उघडून साफ कशी करायची ते दाखवतो, त्याचे पैसे लागणार नाहीत.